छोट्या बाटल्या

मी नाकावर माशी बसू देत नाही, हे आमच्या अख्ख्या अतिदक्षता विभागाला माहीत आहे. रुग्णाच्या अंगात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं, हे लिहायचा तक्ता तिथे मीच घालून दिलाय, दहा वर्षांपूर्वी. त्यात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी म्हणायचे. हल्ली म्हणत नाही.

सात नंबरच्या पलंगावर एक बसचालक होते. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं बसलेली. जाड नळीने रक्त बाहेर काढायचं, यंत्रात त्याला प्राणवायू द्यायचा आणि परत आत सोडायचं, असं बारा दिवस चाललं होतं. सुरुवातीला रक्तदाब टिकवायला सलाईनवर सलाईन द्यावं लागलं, आणि ते सगळं अंगात मुरलं. नऊ किलो पाणी! डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. फुप्फुसंही तशीच ओली. ती कोरडी झाली तरच माणूस आपला आपण श्वास घेणार, आणि यंत्र काही जन्मभर लावून ठेवता येत नाही. म्हणून लघवीचं औषध सुरू होतं. माझा तक्ता रोज छातीठोक सांगायचा, आज पाचशे मिली कमी, आज सहाशे.

पलंगाचा वजनकाटा मात्र रोज कालच्यापेक्षा तीन-चारशे ग्रॅम जास्तच दाखवायचा. मी तंत्रज्ञाला दोनदा बोलावून काटा तपासून घेतला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

चालकांची बायको शिलाईकाम करायची. भेटायला आली की पर्समधून टेप काढून नवऱ्याचा घोटा मोजायची, आणि आम्हाला हसू यायचं. मोजायला लागल्यापासून चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही उतरतंय म्हणता, पण घोटा पाव इंच वाढलाय. मापात माझा हात चुकत नाही."

इथे सगळं शास्त्राप्रमाणे चालतं, असं मी तिला जरा फणकाऱ्यानेच सांगितलं. पण जेवायला बसले आणि डबा उघडताना मनात आलं. काटा खोटा, टेप खोटी, आणि मी तेवढी खरी?

डबा तसाच ठेवून उठले, हातमोजे चढवले आणि सात नंबरची कचऱ्याची बादली उपसली. त्यात शंभर-शंभर मिलीच्या रिकाम्या बाटल्या होत्या. प्रत्येक औषध अशा एका बाटलीभर सलाईनमध्ये मिसळून लावायचं, ही आमची पद्धत. दिवसाच्या चौदा बाटल्या. जवळजवळ दीड लिटर पाणी, आणि तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. का नव्हता, तेही मला आठवलं. औषध ते औषध, त्याला पाणी कशाला म्हणायचं, तक्ता सुटसुटीत हवा, असं मीच ठरवलं होतं. थेंबे थेंबे तळे साचे, हे शाळेत मीही घोकलं होतं. तळं माझ्याच देखरेखीखाली साचत होतं आणि मी काट्याला दोष देत होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

राउंडला सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मोठ्या डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला. मग म्हणाले की रोज त्या तक्त्याखाली सही करणारे तेच होते. त्या दिवसापासून, ज्या औषधांना चालतं ती बाटलीऐवजी सिरिंजमधून थोड्याशा पाण्यात जाऊ लागली. दुपारी मी चालकांच्या बायकोलाही सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. ती बराच वेळ टेप गुंडाळत राहिली.

"आता उतरेल ना?" तिने एवढंच विचारलं. उतरेल असं मला वाटतंय, असं मी म्हणाले. खात्रीने बोलायची माझी हिंमत नव्हती.

आणि खरंच उतरू लागलं. मध्ये एकदा यंत्राची नळी थडथडायला लागली. रक्त ओढताना कमी पडलं की ती अशी थरथरते, आणि मग एक सलाईन सोडायचं ही सगळ्यांची जुनी खोड. छोट्या डॉक्टरांचा हात बाटलीकडे गेला. माझाही जाणारच होता. मी त्यांना म्हटलं, आधी यंत्राचा वेग थोडा कमी करून बघू या. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारून तसं केलं. दोन मिनिटांत नळी शांत झाली आणि बाटली कपाटातच राहिली.

आठवड्याभरात आठ किलो गेले. एक्स-रेमध्ये पाण्याच्या पांढऱ्याची जागा हवेच्या काळ्याने घेतली, यंत्र निघालं, मागोमाग घशातली श्वासाची नळीही निघाली. त्या दिवसांत मी ड्यूटीवर गुणगुणत होते, असं विभागातल्या नर्स मुली सांगतात. असेनही.

घसा तपासून झाल्यावर डॉक्टरांनी चमच्याने पाणी द्यायला परवानगी दिली. मी एक चमचा दिला, थांबले, दुसरा दिला आणि वाटी बाजूला ठेवली. चालकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घोगऱ्या आवाजात ते बायकोला म्हणाले, "काय गं ही बाई! पाण्याचीसुद्धा कंजुषी?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती आता सगळं सांगू शकत होती आणि मला ऐकून घ्यावंच लागलं असतं. तिने त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"पाण्याचं त्या म्हणतील तेवढंच," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले. मी पेन काढलं आणि तक्त्यात ते दोन्ही चमचे लिहिले.