दिवट्याचा फासा

दातांच्या डॉक्टरचा दवाखाना रविवारी दुपारी बंद असे, आणि नेमकी तेव्हाच तिथे माणसं मरत. पेशंट बसतात त्या खोलीतल्या टेबलावर चालणारा खेळच तसा जीवघेणा होता. आपण एक माणूस कागदावर रचायचा, त्याला शापित भुयारात धाडायचं आणि पुढचं फाशांवर सोडायचं. राक्षसांच्या वतीने डॉक्टर फासे टाकी, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. मेलेल्याचा कागद फाडायचा. रडून भेकून कुणी परत येत नसे.

पडदे शिवणारी ताई ह्या कंपूत नवखी. तिचा धाकटा भाऊ इथे वर्षानुवर्षं खेळला. तो आजारपणात गेला, पण त्याचा मशालवाला, दिवट्या, भुयारात धडधाकट उभाच राहिला. त्याचा कागद फाडायला कुणाचा हात होईना. शेवटी डॉक्टरने दिवट्याला चालवायला ताईलाच बोलावलं.

तिने मनाशी ठरवलं होतं, हा तरी मरू द्यायचा नाही. दार दिसलं की तिचा दिवट्या मागे, खुट्ट वाजलं की भिंतीला चिकटून. भावाचा बेकरीवाला मित्र कातावला.

"अहो ताई, मशाल त्याच्याकडे आहे! आम्ही अंधारात चाचपडत मरायचं का?"

"तू हो पुढे. तुला खाऊनच राक्षसाचं पोट भरेल," ती म्हणाली आणि दचकली. हे बोलणं भावाचं होतं, आवाजाच्या चढासकट. बेकरीवाला हसता हसता गप्प झाला. खोलीत आणखी कुणी बसलंय असं वाटलं आणि कुणीच मान वर करेना.

मग भुयाराची भिंत हलली. तिच्यातून एक लांबलचक हात आला आणि त्याने दिवट्याचा गळा धरला. डॉक्टरने आडोशामागे फासा टाकला, पाहिला आणि झटकन उचलला.

"निसटला. थोडं खरचटलंय. बरा होईल."

ताईने पुठ्ठ्याकडे पाहिलं. इस्पितळातही सगळे हेच म्हणाले होते. बरा होईल, तुम्ही घरी जाऊन जरा पडा. ती गेली होती. परत आली तेव्हा पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

"तो पुठ्ठा काढा," ती म्हणाली.

"ताई, खेळ आहे हो हा."

"मला पुन्हा गोड बोलून घरी पाठवू नका. समोर टाका."

डॉक्टरने पुठ्ठा बाजूला ठेवला. फासा गडगडत तिच्यापुढे येऊन थांबला. काय पडलं ते तिला कळलं नाही, पण बेकरीवाल्याने तोंडावर हात धरला तेव्हा कळलं.

ह्या टेबलाची रीत अशी, की मरणाऱ्याचं शेवटचं बोलणं त्याला चालवणाऱ्याने बोलायचं. डॉक्टरने तसं हळूच सांगितलं. ताईने कागद दोन्ही हातांत धरला.

"भिऊ नकोस रे," ती कागदाला म्हणाली. "मी इथेच बसलेय. कुठ्ठे गेले नाही."

बोलायचं दिवट्याने होतं, हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही.