कपाटामागची भिंत

लेक चार वर्षांनी येणार होती, अकरा दिवसांसाठी. तिचा फोन ठेवल्यावर मी तिच्या खोलीतला दिवा लावला आणि भिंतींवरच्या खराब जागा मोजल्या. नऊ निघाल्या. नकाशा चिकटवला होता तिथे चिकटपट्टीने रंगाचे चार पोपडे उचलले होते. खिळ्यांची दोन भोकं होती. टेबलापाशी खुर्चीची पाठ घासून दोन ओरखडे पडले होते. आणि पलंगाच्या उशाशी, ती टेकून वाचायची तिथे, एक तेलकट डाग होता.

"सगळी खोलीच रंगवून घे," नवरा म्हणाला. "नऊ ठिगळं लावत बसण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाईल."

"मला खोली आहे तशी हवीय."

"आहे तशी हवी, तर रंगारी कशाला बोलावतेस?"

गेल्या वर्षी फोनवर लेकीने विचारलं होतं, "माझी खोली तशीच आहे ना?" आणि मी हो म्हटलं होतं. दारात उभं राहिल्यावर तिला आपण कालच इथून गेलो असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं, तर अकराचे पंधरा दिवस होतील. हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते.

आठ वर्षांपूर्वी खोली रंगवली तेव्हा उरलेला डबा मी जपून ठेवला होता. झाकणावर चिठ्ठी होती, त्यावर रंगाचा क्रमांक आणि तारीख. एकतीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढल्यावर चिठ्ठी लावल्याशिवाय मला कुठलंच झाकण बंद करता येत नाही.

रंगारी पन्नाशीचा होता, कानावर पेन्सिल खोचलेला. त्याने डब्यातली साय काढली, काडीने ढवळलं, वास घेतला.

"रंग चांगला आहे. पण ताई, माझं ऐका. टचअपच्या नादी लागू नका. पूर्ण भिंत घ्या."

"आधी नमुना बघू."

नमुना आड जागी घ्यावा म्हणून आम्ही कपाट पुढे ओढलं आणि त्याच्या मागे तळहाताएवढा चौकोन रंगवला. दुसऱ्या दिवशी तो वाळला तेव्हा मला सापडेना. बॅटरी घेऊन शोधला, तरी नाही.

"बघा," मी म्हटलं.

"कपाटामागे सगळंच जुळतं हो, ताई," रंगारी म्हणाला.

मला वाटलं, मोठं काम हवंय म्हणून बोलतोय. मी नऊही जागा करून घेतल्या. त्याने पुट्टी भरली, पॉलिशपेपरने घासलं, दोन-दोन हात मारले. काम सुबक होतं, नावं ठेवायला जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून दुपारचं ऊन आलं आणि भिंतीवर नऊ पिवळेधमक डाग उमटले.

माझी चूक मला तिथल्या तिथे कळली. नळ उघडल्यावर दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मगच बाटली भरायची, नाहीतर पाइपात साठलेलंच पाणी तपासलं जातं, हे मी नव्या मुलींना वर्षानुवर्षं बजावत आले. आणि स्वतः भिंतीचा नमुना घेतला तो जिथे आठ वर्षांत ऊन पोचलंच नव्हतं तिथून.

रंगाऱ्याने टोमणा मारला नाही. "रंग तोच आहे, ताई. बाकीची भिंत उतरलीय."

तो जेवायला गेला तरी मी तिथेच उभी होते. उतरलेला रंग मी रोज बघत होते, म्हणून तो मला कधी दिसला नव्हता. आता नऊ ठिकाणी लेक सोळा वर्षांची होती तेव्हाची खोली दिसत होती, आणि तो पिवळा इतका उजळ होता हे मी विसरून गेले होते.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला भिंत दाखवली.

"आईचा प्रयोग बघ."

ती खो-खो हसली. "आई, भिंतीला गोवर आलाय!"

"हस तू. तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

"अगं पण कशाला एवढं? सगळी पांढरी करून टाक ना. उजेड पडतो छान. माझ्या घरी पांढऱ्याच आहेत सगळ्या भिंती."

माझ्या घरी. सहज म्हणाली ती, पाणी प्यायला उठताना म्हणावं तसं. नवऱ्याने फोनच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"पांढरा मळतो गं," मी म्हटलं.

"मळू दे की. मी अकराच दिवस आहे. तुम्हाला रोज बसायचंय तिथे. बाबा, तुम्ही तुमचं टेबल न्या ना तिकडे, किती वर्षं जेवणाच्या टेबलावर पसारा मांडणार?"

"मी कधीचा सांगतोय," नवरा म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी रंगारी पांढऱ्याचे दोन डबे घेऊन आला. नवरा आणि तो मिळून पलंग मधोमध ओढत होते. शेवटी रंगाऱ्याने कपाटाला हात लावला.

"हेही सरकवू ना? नाहीतर म्हणाल, रंगाऱ्याने लबाडी केली."

"ते राहू दे."

नवरा थांबला. "अगं, फ्रिजच्या मागची धूळ पुसणारी बाई तू!"

"कपाटामागे कोण बघतंय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रंगाऱ्याने कपाटाच्या कडेने चिकटपट्टी लावली आणि रोलर पांढऱ्यात बुडवला.

जुन्या डब्यात वाटीभर रंग उरला होता. मी झाकण ठोकून घट्ट बसवलं, चिठ्ठीवर जुन्या तारखेखाली आजची तारीख घातली, आणि डबा पुन्हा माळ्यावर ठेवला.