निडाकाठच्या वेळाधिकारी

माझ्या सासूबाई मे महिन्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर फ्रँकफर्टला आल्या, तेव्हा त्यांनी बेसबॉलचा खेळ टीव्हीवरसुद्धा पाहिलेला नव्हता. जून संपायच्या आत त्या चक्क त्याच खेळाचं घड्याळ चालवत होत्या, आणि त्यांच्यामुळे माझ्या नवऱ्याची टीम एक जिंकलेला सामना हरली होती.

माझा नवरा सुमित गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर. पाच वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाने त्याला निडा नदीच्या काठच्या छोट्या बेसबॉल क्लबात नेलं आणि तो तिथलाच झाला. तो पिचर आहे. म्हणजे मातीच्या उंचवट्यावर उभं राहून समोरच्या बॅटरकडे चेंडू फेकणारा. फेकतो चांगला, पण फेकायच्या आधी जे काही करतो ते बघवत नाही. टोपी काढणार, कपाळ पुसणार, उंचवट्याला एक फेरी मारणार, चेंडूकडे असा बघणार की जणू त्यावर काहीतरी लिहिलंय. तोवर समोरचा बॅटर हातमोज्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधणार. एक सामना साडेतीन-चार तास चालायचा. मी रविवारी तिकडे जाताना पुस्तक आणि शाल दोन्ही घेऊन जायचे.

या वर्षी आमच्या लीगने ठरवलं की अमेरिकेत आलेले नवे नियम आपणही एक सीझन करून पाहू. पिचरच्या हातात चेंडू आला की घड्याळ सुरू. धावपटू थांबतात ते बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत, बेसवर कोणी असेल तर वीस सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करायची. उशीर झाला तर न टाकलेला चेंडू वाईड पडल्यासारखा धरायचा, त्याला ते ‘बॉल’ म्हणतात. बॅटरलाही सूट नाही. घड्याळात आठ सेकंद उरायच्या आत तो तयार दिसला नाही तर त्याच्या नावावर फुकटचा स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बाद.

आता हे घड्याळ चालवणार कोण? क्लबची अध्यक्षा उटे प्रत्येकाला विचारत फिरत होती. सगळ्यांना खेळायचं होतं, नाहीतर सॉसेज भाजायचे होते. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला विचारलं, “ही बाई काय मागते आहे?”

मी सांगितलं.

“वेळाधिकारी हवाय होय,” आई म्हणाल्या. “मग मी आहे की.”

आई सांगलीला मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. एकतीस वर्षं त्यांनी खो-खोच्या सामन्यांत वेळ धरली. तालुक्यापासून राज्यापर्यंत. नऊ मिनिटांचा डाव, हातात स्टॉपवॉच, तोंडात शिट्टी. “माझ्या वेळेबद्दल कधी कोणी तक्रार केली नाही,” हे त्या जेवताना मीठ मागावं इतक्या सहज सांगत. मी उटेला हे सगळं जर्मनमध्ये सांगितलं. “एकतीस वर्षं?” उटे म्हणाली आणि तिथल्या तिथे बटणाचा डबा आईंच्या हातात दिला.

पहिल्याच सामन्यात आईंनी सुमितला तीनदा पकडलं.

पहिल्यांदा घड्याळ शून्यावर गेलं आणि भोंगा वाजला तेव्हा सुमित टोपी काढून उभा होता. त्याने चमकून टेबलाकडे पाहिलं. आईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या पुढच्या चेंडूसाठी बोट बटणावर ठेवून बसल्या होत्या. तिसऱ्यांदा भोंगा वाजल्यावर बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा त्याचा कॅचर टोबियास मास्क वर करून ओरडला, “सुमित, तुझी आई आहे ना ती?”

“अरे, म्हणूनच!” सुमित ओरडला आणि सगळं मैदान हसलं.

पण तो सामना दोन तास वीस मिनिटांत संपला. माझं पुस्तक चाळीस पानांवरच राहिलं. महिन्याभरात सुमितची टोपी डोक्यावर राहायला लागली, फेरी बंद झाली. गंमत म्हणजे तो पूर्वीपेक्षा बरा टाकायला लागला. “विचार करायला वेळच मिळत नाही,” तो म्हणायचा, “त्यामुळे चुकीचा विचारही होत नाही.”

आई रविवारची वाट पाहायच्या. सुती साडी, पायांत बूट, डोक्यावर क्लबची निळी टोपी. अंपायर ब्रांट नावाचे निवृत्त ट्रामचालक होते. चाळीस वर्षं वेळापत्रक पाळलेला माणूस. त्यांची आणि आईंची एकही सामायिक भाषा नव्हती, तरी सामन्याआधी दोघं आपापली मनगटावरची घड्याळं जुळवून घेत आणि समाधानाने माना डोलवत.

मग जूनचा तो शेवटचा रविवार आला. समोर लान नदीकडच्या एका गावाचा संघ होता. जो जिंकेल तो गटात दुसरा येऊन पुढच्या फेरीत जाणार होता. आमचा क्लब अकरा वर्षांत त्या फेरीत गेला नव्हता, त्यामुळे बाकांवर एरवीच्या दुप्पट माणसं होती.

शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये आम्ही चार-तीनने पुढे होतो. पाहुणे बॅटिंग करत होते. त्यांचे दोन गडी बाद झाले होते, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांचे धावपटू उभे होते. बॅटर लांब हातांचा, विशीतला मुलगा. त्याच्यावर दोन स्ट्राइक झाले होते. आणखी एक झाला की सामना आमचा.

सुमितने टाकलेला चेंडू बाहेरून गेला. टोबियासने तो अडवून परत सुमितकडे फेकला. तो सुमितच्या झेलायच्या चामडी मोज्याला लागून निसटला आणि उंचवट्याच्या मागे घरंगळला. सुमित वळला, वाकला, चेंडू उचलला. सगळ्यांच्या नजरा चेंडूवर. धावपटू पळतात की काय, बाकांवर आरडाओरडा. आरडाओरडा थांबला तेव्हा बॅटर अजून रेषेबाहेर उभा राहून हातमोज्याचा पट्टा ओढत होता. घड्याळात सात दिसत होते. ब्रांटनी घड्याळाकडे पाहिलं, बॅटरकडे पाहिलं आणि हात वर केला.

तिसरा स्ट्राइक. सामना संपला.

सुमितने मोजा आकाशात उडवला. टोबियासने त्याला उचललं. उटे रडायला लागली. मीही ओरडत होते. म्हणून आई उठल्याचं मला उशिरा कळलं. त्या टेबलामागून निघून सरळ मैदानात चालल्या होत्या.

“स्वराली, इकडे ये,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांग, मी घड्याळ लवकर सुरू केलं.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“टोबियासने चेंडू फेकला तेव्हाच मी बटण दाबलं. रोज पोचतो, आजही पोचेल असं धरून. पण तो पोचला नव्हता. सुमितने उचलेपर्यंत तीन सेकंद गेले, चारही असतील. त्या मुलाला ते मिळायला हवे होते.”

“आई,” मी हळूच म्हटलं, “कोणाच्या लक्षात आलेलं नाही.”

“म्हणून तर मला सांगायला पाहिजे. त्यांना कळायचा दुसरा रस्ता नाही.”

मी सांगितलं. माझ्या जर्मनमध्ये तेव्हा किती चुका झाल्या असतील देव जाणे. ब्रांटनी दोनदा विचारलं, त्यांना खात्री आहे का? आईंनी बोटं दाखवली, तीन, मग चार, आणि छातीवर हात ठेवला. ब्रांटनी खिशातून नियमांची पुस्तिका काढली, चष्मा लावून वाचलं आणि दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना बोलावलं. घड्याळ चुकीचं चाललं असेल तर तो स्ट्राइक रद्द. खेळ होता तिथून पुढे.

बाकांवर कोणीतरी शिट्टी वाजवली, कौतुकाची नव्हे. सुमित गवतातून आपला मोजा शोधून उंचवट्यावर परतला. त्याने आईंकडे पाहिलं नाही. आई पुन्हा टेबलाशी जाऊन बसल्या. या वेळी सुमितच्या मोज्यात चेंडू आल्यावरच त्यांनी बटण दाबलं, हे मी पाहिलं.

सुमितने टाकला. त्या मुलाने तो दोघा खेळाडूंच्या मधून जमिनीलगत मारला. दोघेही धावपटू धावत येऊन होम बेसवर पोचले, म्हणजे दोन धावा. पाच-चार. आमच्या वाट्याच्या शेवटच्या बॅटिंगमध्ये तीन गडी सात मिनिटांत बाद झाले.

घरी जाताना ऊ-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आम्ही तिघं ओळीत बसलो होतो. सुमितची बॅग त्याच्या पायांत.

“मी मोजा काढून टाकला होता, आई,” तिसऱ्या स्टेशनानंतर तो म्हणाला. “मी जिंकलो होतो.”

“हो रे.”

“तू निदान मला आधी सांगायचंस.”

“तुला विचारायचं होतं का?” आईंच्या आवाजात राग नव्हता, खरोखरची शंका होती. “तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?”

सुमितने खिडकीकडे तोंड केलं. आमचं स्टेशन यायच्या जरा आधी तो म्हणाला, “चेंडू निसटला तो माझ्या हातून. तू एकटीच चुकली नाहीस.” आणि उतरताना आईंची पिशवी त्याने घेतली.

सुमितचा राग सोमवारी संध्याकाळपर्यंत ओसरला. आईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्या पोळ्या लाटताना मध्येच थांबायच्या. मंगळवारी सकाळी त्यांनी ती निळी टोपी घडी करून माझ्या हातात दिली.

“ही उटेला देऊन टाक. सामना गेल्याचं मला वाईट नाही वाटत. पण मी सवयीने बटण दाबलं. न बघता. एकतीस वर्षांत किती वेळा दाबलं असेल, कोणास ठाऊक. तेव्हा कोणी ओरडलं नाही म्हणजे मी बरोबरच होते, असं समजत आले.”

मी टोपी बॅगेत ठेवली आणि ऑफिसला गेले. दुपारी उटेला फोन केला.

संध्याकाळी दारावर उटे आणि ब्रांट दोघंही हजर. ब्रांटच्या हातात चेरीचा केक होता आणि बगलेत बटणाचा डबा. उटेने टोपी घेतलीच नाही. “टोबियास अजून फुगलेला आहे,” ती म्हणाली, “होईल ठीक. पण हे बघा.” तिने फोनवर पाहुण्या क्लबचं पत्र वाचून दाखवलं. त्यांच्या गावी येत्या शनिवारी सामना होता, त्यांचा घड्याळवाला सुट्टीवर चालला होता. निडाकाठच्या त्या बाई येतील का? गाडीभाडं आम्ही देऊ.

“पण मी चुकले होते, हे त्यांना माहीत आहे ना?” आईंनी विचारलं.

मी भाषांतर केलं. “गेनाऊ, तेच तर,” ब्रांट म्हणाले. “बाकी सगळे कधी चुकतात ते त्यांना माहीत नाही.”

मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारून आईंना एक गोष्ट शिकवली. ट्राम चालवताना नवशिका माणूस पुढच्या गाडीकडे बघतो, ते म्हणाले, जुना रुळाकडे. “तुम्ही चेंडूकडे बघता. चेंडू बघू नका. मोजा बघा. मोजा मिटला की दाबा.”

बुधवारी आणि गुरुवारी ऑफिसनंतर आम्ही तिघं घराजवळच्या हिरवळीवर गेलो. मी कॅचर. मला चेंडू फेकता येत नाही, त्यामुळे सुमितच्या हातून तो खरोखरच निसटायचा, आणि तेच हवं होतं. आई घडीच्या खुर्चीत बसून डबा मांडीवर घेऊन त्याचा मोजा बघत होत्या. सुमित मुद्दाम चेंडू पाडायचा, मुद्दाम झेलल्यासारखं करायचा. पहिल्या दिवशी त्याने आईंना सहा वेळा फसवलं. दुसऱ्या दिवशी एकदा. मग त्याच्या सगळ्या युक्त्या संपल्या.

“आता फसव की,” आई म्हणाल्या.

“आता नाही जमत,” सुमित म्हणाला आणि हिरवळीवर आडवा झाला. आईंनी डबा बंद केला आणि स्वतःच घरी जाऊन टोपी घेऊन आल्या.

शनिवारी आम्ही रेल्वेने गेलो. परतीची तिकिटं सातच्या गाडीची काढली होती, कारण सामना लांबला तर घोळ नको. मैदान द्राक्षांच्या उताराखाली होतं. तो लांब हातांचा मुलगा आईंसाठी खुर्ची घेऊन आला आणि तिच्यावर स्वतःचं जॅकेट घडी करून ठेवलं. आईंनी त्याच्या हातमोज्याच्या पट्ट्याकडे बोट दाखवून आठ बोटं वर केली. तो लाजला. त्या दिवशी तो प्रत्येक वेळी दहा सेकंद शिल्लक असतानाच तयार होता.

सुमित आणि मी बाकावर बसून पूर्ण सामना पाहिला. पुस्तक मी आणलंच नव्हतं. भोंगा दोनदा वाजला, एकदा इकडच्यांवर, एकदा तिकडच्यांवर, आणि दोन्ही वेळा ज्याच्यावर वाजला त्याने मान हलवून मान्य केलं. दोन तास सहा मिनिटांत सगळं आटोपलं.

चार वाजले होते. गाडीला तीन तास होते आणि ऊन छान पडलं होतं. आईंनी साडीचा पदर खोचला आणि विचारलं, “नदी कुठल्या बाजूला आहे इथली?”

आम्ही नदीकाठाने चालत गेलो. सुमितने तिघांना आइस्क्रीम घेतलं. आईंनी लिंबाचं. ते संपेपर्यंत त्या प्रवाहाबरोबर जाणाऱ्या बदकांची रांग बघत बसल्या, आणि नंतर बूट काढून त्यांनी पाय पाण्यात सोडले.