भट्टीचं दार

डिंडोलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नसे. काचेच्या दाराच्या भट्टीत पिठाचे इवलेसे गोळे टम्म फुगत, आणि फुगेबाबांची टकळी सुरू होई. "सोडा नाही, खमीर नाही. पीठ, लोणी आणि मंतरलेलं हळदीचं पाणी. तुमची पीडा गोळ्यात शिरते, फुगते, उडून जाते." गोळा फोडला की आत नुसती पोकळी. लोक त्या पोकळीला हात जोडत आणि गोळा प्रसाद म्हणून खात. आता काय बोलावं!

शोभाबाईच्या गायत्रीला लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. एका गुरुवारी लेकीचा गोळा भट्टीत गेला आणि आईला धीर धरवेना. तिने दार किलकिलं करून पाहिलं. गोळा फसकन बसला.

"पीडा परत लेकीत शिरली," बाबा कडाडले. "पुढच्या गुरुवारपर्यंत सुई बंद. टोचलीस तर पोर हातची जाईल."

शनिवारी गायत्री ओकून ओकून निपचित पडली, धापा टाकू लागली. शेजारची विशाखा घरी केक-पेस्ट्री करून विकायची. ती धावत आली. "ताई, दवाखान्यात चला."

"नको गं माय. दार मीच उघडलं. आता सुई दिली तर मीच तिला मारीन."

विशाखाने घरून डबा आणला. त्यात काही गोळे फुगलेले, काही चपटे. "हा फ्रान्सचा जुना पदार्थ. कोबीसारखा दिसतो म्हणून त्याला शू म्हणतात, शू म्हणजे कोबी. पीठ पाण्यालोण्यात शिजवायचं, मग अंडी घालायची. भट्टीत वाफ होते, ती गोळा फुगवते, म्हणून आत पोकळ. कवच वाळायच्या आत दार उघडलं की बसतो. काल मी घाईने उघडलं, माझेही बसले. माझ्या घरात कुणाची पीडा शिरली?"

"अंडी?"

"त्यांचं हळदीचं पाणी म्हणजे फेटलेली अंडी. गुरुवारचा उपास धरून तुम्ही अंड्याचा प्रसाद खाताय, ताई."

शोभाबाईने लेकीकडे पाहिलं. मग तिला उचललं आणि रिक्षाकडे धावली. "थोडा उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी शेड पुन्हा भरली. बाबा डोळे मिटून पुटपुटत होते. शोभाबाई सरळ पुढे गेली आणि तिने भट्टीचं दार सताड उघडलं. अर्धवट फुगलेले सगळे गोळे एकामागून एक बसले.

"बाबा, आता सगळ्यांच्या पीडा परत शिरल्या का?" तिने विचारलं. "ही नुसती वाफ आहे. माझी पोर मरता मरता वाचली, ती सुईनं वाचली. यांच्या सांगण्यावरून ज्यांनी औषध थांबवलंय, त्यांनी घरी जा आणि आधी औषध द्या. मग माझ्याशी भांडायला या."

मग मागच्या रांगेतली एक बाई उठली, लेकराला छातीशी धरलं आणि बाहेर पळत सुटली.