मुराच्या कासेतला ताप

मुरा म्हशीचं दूध तीन दिवसांत निम्म्यावर आलं होतं. आचळ एकदा बसलं, म्हणजे कायमचं आटलं, की म्हैस खाटकाकडे जाते, हे ट्रान्सिल्व्हेनियातल्या त्या गावात सगळ्यांनाच ठाऊक. मुराच्या मालकीण सवेतामावशींच्या घशाखाली घास उतरेना.

त्यांनी आपल्या परीनं उपाय केले. वाटेत कुणाशी न बोलता पाणी आणलं, त्यात निखारे टाकले. एकेक निखारा तळाला गेला. म्हणजे दृष्टच! शिंगाला लाल गोंडा बांधून, तीनदा थू थू करून त्यांनी परक्या नजरेला गोठा बंद केला.

म्हणून गावातल्या म्हशी तपासायला निघालेल्या जनावरांच्या डॉक्टर इलिंका उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन आल्या, तेव्हा मावशी दार अडवून उभ्या राहिल्या.

"माणसांची नजर कमी पडली म्हणून यंत्राची आणलीत होय, बाई?"

"मावशी, हा फक्त ऊब पाहतो. आत दुखणं आलं की तिथली कातडी तापते. कधीकधी सूज दिसायच्याही आधी."

"माझ्या आजीनं नुसत्या डोळ्यांवर बारा म्हशी सांभाळल्या!"

"आणि त्यातल्या चार आचळं बसून गेल्या, तेही सांग की!" कुंपणापाशी गवत कापणारे त्यांचे यजमान गाव्रिल म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

इलिंका चिडल्या नाहीत. त्यांनी कॅमेरा मावशींच्या हातांवर धरून पडदा त्यांच्याकडे वळवला. उजव्या अंगठ्याचं मूळ लालभडक दिसत होतं.

"हे कधीपासून दुखतंय?"

मावशी चपापल्या. "परवापासून... पण मी तर यांनासुद्धा बोलले नाही!"

"मुरालाही बोलता येत नाही, मावशी."

मग मावशी दारातून बाजूला सरल्या. "या. पण मी शेजारी उभी राहते. परक्याला लाथ घालते ती."

पडद्यावर कास उमटली. तीन भाग सारखे पिवळे, आणि मागचा डावा पेटल्यासारखा! हाताला तिथं गाठ लागत नव्हती. दूध तपासलं, तर कासेचा आजारच निघाला. औषध सुरू झालं, आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस मावशींनी औषधाचा अंश असलेलं दूध निमूट ओतून दिलं.

दोन आठवड्यांनी बादली फेसानं काठोकाठ भरली. "भरली! अहो, भरली!" मावशींची हाक अख्ख्या गल्लीनं ऐकली.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर त्या फाटकातच उभ्या राहिल्या. "बायांनो, गोठे उघडा! लपवून ठेवल्यानं माझी मुरा हातची जात होती!" संध्याकाळपर्यंत इलिंकांच्या कॅमेऱ्यासाठी अकरा गोठे उघडले. आणखी दोन म्हशींचं दुखणं वेळेवर सापडलं आणि दोघी वाचल्या!

मित्रांनो, मुक्या जनावराचं दुखणं झाकलं की ते आतल्या आत वाढतं. आपला त्याच्यावर जीव असेल, तर ते जाणत्याला दाखवायला लाजू नये, आणि उशीर तर मुळीच करू नये.