एंजलची खिचडी माझ्यात शिजली

मी एक जुना प्रेशर कुकर आहे, मित्रांनो. माझं बूड काळं पडलं आहे, एक कान तुटला आहे आणि शिट्टी कर्कश वाजते. तरी मला मोडीत घालायची गोष्ट माझ्यासमोर कुणी काढू नये. आधी माझं ऐका.

संगमनेरच्या बाजारातून एलिझाबेथच्या आईने मला तिच्या लग्नात घेतलं. तिचा नवरा प्रभुदास जवळच्याच गावात शिक्षक. थोरला केविन माझ्या वरणभातावर वाढला. धाकटी एंजल मात्र काही महिन्यांतच पांढरीफटक पडू लागली. डॉक्टरांनी थॅलेसेमिया सांगितला. तिच्या अंगात पुरेसं रक्त तयारच होत नव्हतं. दर काही आठवड्यांनी तिला बाहेरचं रक्त चढवावं लागे.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, केविनच्या मूळपेशी तिच्याशी जुळतात. त्या तिला दिल्या तर तिचं शरीर स्वतःच रक्त बनवू लागेल. घरात आनंद झाला. पण पुढच्या तपासण्यांत हिपॅटायटिस सी निघाला. कधीतरी चढवलेल्या रक्तातून तो विषाणू तिच्या यकृतात जाऊन बसला होता. प्रत्यारोपणाची कडक औषधं असं यकृत सोसेल याची खात्री नाही, डॉक्टर म्हणाले. आधी गोळ्यांनी विषाणू घालवू, मग पुढचं बघू.

बातमी गावात पोचली. प्रभुदासची आत्या राहीबाई मायाळू होती, पण ती घाबरली. तिने एंजलचं ताट वेगळं काढून पडवीत नेऊन ठेवलं. एंजल पडवीत त्या ताटासमोर जाऊन बसली. एलिझाबेथने ते ताट उचलून आत आणलं, माझ्यातला भात त्यात वाढला आणि लेकीला जवळ घेऊन त्याच ताटात जेवू लागली.

"पोरी, तुला बी लागंल ते," आत्या म्हणाली.

"न्हाई लागत, आत्या. हे रक्तातून जातं, जेवणातून न्हाई. डॉक्टरांना नीट विचारलंय मी."

मग कुणी काविळीच्या झाडपाल्याची पुडी आणून दिली. गोळ्या सुरू होत्या, एंजलला मळमळत होतं. लेकीचे हाल बघून प्रभुदास डगमगला. पुडी देऊन बघू, म्हणाला. डॉक्टरांनी मात्र मध्येच दुसरं औषध द्यायला मनाई केली होती. एलिझाबेथने पुडी उकिरड्यावर टाकली. त्यावरून नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं. घरात माझीच काय ती शिट्टी. अखेर एका सकाळी प्रभुदासने स्वतः पाण्याचा पेला भरला आणि एंजलच्या हातावर गोळी ठेवली. तीन महिने तिने एकही गोळी चुकवली नाही. गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. विषाणू गेला होता.

मग आम्ही पुण्याला गेलो. रुग्णालयाजवळ खोली घेतली, तिथे मीही आलो. केविन सुईला फार भ्यायचा. पेशी काढायच्या आदल्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी तयार झाला. त्याच्या मूळपेशी बहिणीला दिल्या.

जंतू लागू नयेत म्हणून एंजल बंद खोलीत होती. तिचे केस गेले होते, तोंड आलं होतं. शिळं काही चालत नसे. माझ्यात ताजी खिचडी शिजे, डबा भरून जाई आणि तसाच परत येई. शिजवलेलं न खाता परत येणं भांड्याला फार लागतं. पण मी हटलो नाही, एलिझाबेथही हटली नाही. आम्ही दोघं पुन्हा शिजवत राहिलो.

एका दुपारी डबा रिकामा आला. सोबत निरोप होता, उद्या बटाटा घाल. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, केविनच्या पेशी तिच्या अंगात रुजल्या. एलिझाबेथ त्या संध्याकाळी मला खूप वेळ घासत बसली आणि घासता घासता रडली.

आता एंजलला रक्त चढवावं लागत नाही. राहीबाई तिच्या नव्या केसांना तेल लावते. त्या ताटाबद्दल कुणी बोलत नाही.

गेल्या आठवड्यात श्रीगोंद्याहून फोन आला. पुण्याच्या डॉक्टरांनी आमचा नंबर दिला होता. दिशा नावाची मुलगी, तोच आजार, तोच विषाणू. गोळ्या चालू आहेत, पण वर्गात तिच्या बाकावर कुणी बसत नाही.

"रविवारी तुझ्या घरी येते मी," एंजल म्हणाली. "तुझ्याशेजारी मी बसते."

रविवारी पहाटे मायलेकी एसटीने गेल्या.

मित्रांनो, आजाराला हाकलायला डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. शेजारी बसायला मात्र तुम्हीच लागता. म्हणून बसा. कुणी ऊठ म्हणालं, तरी उठू नका.