फाटकावरचे तीन ठोके

"काकाजी, या पोरीले ओळखता काय तुमी?"

पोलीस शिपाई गजेंद्र कागदावर पेन टेकवून माझ्या ओट्यासमोर उभा होता. पासपोर्टच्या चौकशीला आला होता. दोन शेजाऱ्यांनी ओळख द्यायची असते. पलीकडच्या पौर्णिमाबाईंनी काही न विचारता सही ठोकली होती. राहिलो मी. आणि ती पोरगी, अफिफा, दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे ओढणी सावरत उभी होती.

"रहिमाबीले ओळखतो," मी म्हणालो. "चाळीस वर्षं झाले. या पोरीचं मले सांगता येत नाही."

"म्हंजे? नात नाही काय त्यायची?"

"त्या म्हनतात नात हाय. मी काय जन्माच्या वक्ताले हजर होतो?"

गजेंद्रने लिहून घेतलं. पोरगी आत निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, काय खडूस म्हातारा आहे. असेन. चौतीस वर्षं नगरपालिकेत वालमन होतो मी. गल्लीगल्लीचे वाल उघडायचे, बंद करायचे. नळ आला की कोण टिल्लू पंप लावून दुसऱ्याच्या वाटचं पाणी ओढतो, हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं. पकडलं की तोच माणूस देवाची शपथ घ्यायचा. अशा नोकरीत माणूस भोळा राहत नाही.

रहिमाबीचा मुलगा गयासुद्दीन एसी मेकॅनिक होऊन मस्कतला गेला. चोवीस वर्षांपूर्वी परतवाड्याची बायको करून घेऊन गेला, तो पुन्हा अकोल्यात आलाच नाही. फोन यायचे. दोन वर्षांपूर्वी तो वारल्याचाही फोनच आला. माती तिकडेच झाली. आणि आठ महिन्यांपूर्वी दारात रिक्षा थांबली, दोन भल्यामोठ्या बॅगा घेऊन ही उतरली आणि 'दादी' म्हणून गळ्यात पडली. रहिमाबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाइल बटनांचा. तिने नातीचा फोटो तरी कधी नीट पाहिला असेल का? चेहऱ्यावरून हात फिरवला आणि रडायला लागली. घर रस्त्यावरचं आहे, दोन बिल्डर चकरा मारून गेलेत. अशा वेळी नात उगवते? कागदपत्रं आहेत म्हणे. कागद काय, कोणीही करतं.

त्यात तिचं बोलणं. आमच्या अकोल्याच्या पोरी आता टीव्हीतल्यासारखं बोलतात. माझी नात आचल मला 'आजोबा, प्लीज' म्हणते. आणि ही, मस्कतमध्ये जन्मलेली, माझ्या स्कुटीकडे पाहून विचारते, "काकाजी, तुमची फटफटी कावून बंद हाय?" फटफटी! आमच्या गल्लीत वीस वर्षांत हा शब्द कोणी काढला नसेल. कोणीतरी समोर बसवून पाठ करून घेतल्यासारखं वाटलं मला. मी त्या दिवसापासून तिच्यावर डोळा ठेवून होतो.

गजेंद्र गेल्यावर मनकर्णाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, चहाचा कप माझ्यासमोर आदळला.

"तुमाले तं मूर्तीतल्या देवावरही संशय! त्या लेकराचा पासपोर्ट पुढच्या महिन्यात सरते. तिची माय तिकडं शाळेत आया हाय, तिच्या व्हिसावर पोरीले राहता येत नाही. बापासंगच पोरीचं तिकडचं राहनं गेलं. आता पासपोर्टही नाही भेटला तं मायले भेटाले कशी जाईन? बापाच्या कबरीवर कशी जाईन?"

"खरी असंन तं जाईन."

"तिथं तिले हिंदी, म्हंजे हिंदुस्थानवाली, म्हनत, अन् इथं तुमी मस्कतवाली म्हनता. मंग तिनं जावं तं कोठी जावं?"

मी पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी मनकर्णा बहिणीसोबत गुरुकुंज मोझरीला निघून गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीचा नळ होता, पहाटे पाचला. नवा वालमन वाल फिरवतो आणि गाडीवरून भुर्रकन निघून जातो, कोणाला हाक नाही की काही नाही. मनकर्णा घरात नाही, मी गुडघ्यांना तेल लावून गाढ झोपलेलो. आणि फाटक वाजलं.

ठक् ठक्. मग जरा थांबून, ठक्.

तो माझा ठोका होता. रहिमाबी रात्र रात्र गोधड्या शिवायची आणि पहाटे मेल्यासारखी झोपायची. तिचं पाणी चुकू नये म्हणून मी वाल सोडला की लोखंडी चावीने तिच्या टिनाच्या फाटकावर असे तीन ठोके द्यायचो. साऱ्या गल्लीत फक्त तिच्या.

मग वाटलं, म्हातारीनेच शिकवलं असेल. मी मुद्दाम पडून राहिलो.

पुन्हा तीन ठोके. मग आवाज आला, "काकाजी, नळ आला! एक वाजवा ना, म्हंजे मले समजन तुमी उठले."

एक वाजवा.

मी उठून बसलो. रहिमाबी तर झोपलेली असायची. उठायचा तो गयासुद्दीन, दहा वर्षांचा. आतून बादलीवर एकच ठोका द्यायचा, म्हणजे 'उठलो'. तो ऐकला की मी पुढे जायचो. हे त्याला ठाऊक होतं आणि मला. आणि मी तर विसरूनही गेलो होतो.

बाहेर आलो. ती अंगणात उभी होती, हातात पाण्याने भरलेली आमचीच घागर.

"हे एक वाजवायचं कोनं शिकवलं तुले?"

"अब्बूनं. मस्कतले नळ चोवीस तास राहे, तरी रोज सकाळी आमच्या दारावर असे तीन वाजवत. म्हनत, 'केशवकाकानं वाल सोडला, उठा.' आमाले बादलीवर एक वाजवाच लागे. नाही वाजवला तं पांघरून ओढत." तिने घागर ओट्यावर ठेवली. "काकू घरी नाहीत, तुमचं पानी चुकलं असतं. म्हनून आली."

परवाच्या बोलण्याचा तिने उल्लेखही केला नाही. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. ओट्यावरची बादली ओढली आणि तिच्यावर एक ठोका दिला. पोरगी हसली, आणि हसताना थेट गयासुद्दीन दिसली. इतके दिवस डोळा ठेवून होतो, तेव्हा काय पाहत होतो कोण जाणे.

चहा न घेताच ठाणं गाठलं. गजेंद्र दहाला आला. रिपोर्ट अजून त्याच्या टेबलावरच होता.

"काकाजी, परवा तं नाही म्हनले."

"परवा मी चुकलो. आता लिही."

"किती वर्षांपासून ओळखता?"

"पोरगी किती वर्षाची हाय?"

"बावीस."

"मंग बावीस लिही."

"काकाजी, ती येऊन आठच महिने झाले."

"तू राह्यनं नाही विचारलं, ओळख विचारली. लिही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. सहीच्या खाली धंद्याची ओळ होती.

"इथं काय टाकू? निवृत्त?"

"नाही," मी म्हणालो. "वालमन लिही."